निवळशंख औषध

औषधाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे गाळणीबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. बाई घरी चहासुद्धा दोनदा गाळायची. उमेदीची सगळी वर्षं सलाईनच्या कारखान्यात गेलेली. तिथे प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरायची, आत कण दिसला की अख्खी बॅच फेकायची आणि वर साहेबाची बोलणी खायची. आरपार दिसतं तेच चांगलं, हे तिच्या अंगात पुरतं मुरलं होतं.

इथे नेमकं उलटं. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि त्यांच्या पोटात कर्करोगाचं औषध भरायचं. ते कण रक्तातून गाठीपर्यंत जाऊन तिथेच औषध सोडणार, बाकीच्या शरीराला त्रास कमी. तयार औषध दिसायचं दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की काय गाळायचं ते कण होण्याआधी गाळा, नंतर गाळणी लावायची नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही.

तरीही सगळं सुरळीत चाललं असतं. पण ज्या रुग्णांवर या औषधाची चाचणी सुरू झाली, त्यांत तिचा धाकटा भाऊ होता. यकृतात गाठ. आई गेल्यावर हिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. सासरचं आडनाव वेगळं, म्हणून प्रयोगशाळेत कुणाला पत्ता लागला नाही. कळलं तर हे काम काढून घेतील, म्हणून तिनंही तोंडाला कुलूप लावलं.

बाटल्यांवर रुग्णांचे नुसते नंबर असायचे; भावाकडून कळलेल्या त्याच्या नंबरची पहिली बाटली तिनं दिव्यासमोर धरली. हे असलं गढूळ पाणी माझ्या भावाच्या शिरेत? खोलीत कुणी नव्हतं. तिनं सिरिंजच्या तोंडाला सगळ्यांत बारीक गाळणी बसवली आणि औषध दाबून दाबून पलीकडे काढलं. दाबताना अंगठा भरून आला. बघा, केवढी घाण होती, असं ती मनाशी म्हणाली. खाली उतरलं ते निवळशंख. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. पुढची प्रत्येक बाटली तिनं तशीच केली.

वॉर्डात बाकीच्यांना मळमळायचं, तोंडाची चव जायची. याला काही नाही. तो थट्टेनं विचारायचा की ताई, हे औषध आहे की नळाचं पाणी, आणि ही वेडी मनातून सुखावायची. त्याचे डोळे पिवळे पडत चालले होते, शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. ते तिला दिसत नव्हतं असं नाही. पण औषधाला वेळ लागतो, असं ती स्वतःला बजावत राहिली.

मग तपासणीचे फोटो आले. बाकीच्यांच्या गाठी आक्रसल्या होत्या, याची दुप्पट झाली होती. मॅडमनी वॉर्डातून त्याची न वापरलेली बाटली मागवली, उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही गाळली कुणी?"

मी, एवढंच ती म्हणाली.

"अहो, कण गाळणीतच अडकले. औषध सगळं त्या कणांत होतं. या माणसाला आपण नुसतं पाणी टोचत होतो."

तो माझा भाऊ आहे, हेही तिनं सांगितलं. आता खरं औषध द्या, म्हणून तिनं हात जोडले. मॅडमनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या की त्याचं यकृत आता ते पेलणार नाही, डॉक्टरांनी चाचणीतून त्याचं नाव कमी केलंय.

संध्याकाळी ती त्याच्या खाटेपाशी बसली आणि सगळं सांगून टाकलं, एक शब्द न वगळता. तो छताकडे बघत ऐकत राहिला. तिला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या बायकोला सांगू नकोस, ताई," तो म्हणाला. "ती तुला दारात उभं करणार नाही. आणि शेवटी मला तू जवळ लागशील."

एवढं बोलून त्याला धाप लागली. तिनं त्याची उशी सारखी केली.