सहा शेजाऱ्यांची शपथ

कुमुदकाकूंचा फोन आला की मी तो आधी कानापासून लांब धरायचे. "अगं, सापडली! आणखी एक सापडली!" त्या ओरडायच्या. सापडलेली बाई सहाशे वर्षांपूर्वी वारलेली असायची.

काकूंनी इथे लंडनच्या हॉस्पिटलात तीस वर्षं बाळंतपणं केली. रिटायर झाल्यावर हौसेनं लॅटिन शिकल्या आणि रेकॉर्ड ऑफिसात चर्चच्या जुन्या कोर्टांचे कागद वाचायला जाऊ लागल्या. त्या काळी व्यभिचार हे पाप, म्हणून खटला पाद्र्यांपुढे चाले. शिक्षा काय, तर अंगाला पांढरी चादर, हातात मेणबत्ती आणि रविवारी साऱ्या गावासमोर अनवाणी चालायचं. "आणि पुरुष बघ कसे निसटतात, लबाड!" काकू कालच घडल्यासारख्या चिडायच्या.

माझा घटस्फोट झाला आणि ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झाली, की हिनं ऑफिसातल्या कुणासाठी नवरा सोडला. धादांत खोटं! गणपतीतलं मुलांचं नाटक मी दहा वर्षं बसवत होते. सेक्रेटरी म्हणाले, "यंदा दुसऱ्या कोणाला देऊ या. यू नो, पेरेंट्स आर टॉकिंग." नाटक गेलं असतं तर मंडळात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. रडत काकूंकडे गेले, तर त्यांचे डोळे चमकले. मला रागच आला.

"अगं, त्या कोर्टात यावर उपाय होता! आरोपीनं शपथेवर नाही म्हणायचं आणि सहा शेजाऱ्यांनी शपथ घ्यायची, की ही खरं बोलते. बास, केस डिसमिस! आपण करू या!"

आणि खरंच, मंडळाच्या मीटिंगमध्ये त्यांनी मला उभं केलं. मी शपथेवर सांगितलं, की हे सगळं खोटं आहे. "माझा हिच्यावर विश्वास आहे. मी पहिली," काकू म्हणाल्या. "अजून पाच हवेत."

कुणी हलेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दारापाशी बसलेले एक आजोबा उठले, त्यांच्या पाठोपाठ आजी, मग माझ्या दोन मैत्रिणी. पाच झाले. काकू उत्साहानं टाचा उंचावून हॉलभर बघत होत्या.

मागे खुर्ची सरकली. माझ्या सासूबाई होत्या, माझ्या आधीच्या नवऱ्याची आई.

"मुलगा माझा आहे, म्हणून तर मला सगळं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ही खरं बोलते. लिहा माझं नाव."

काकू रांगा ओलांडून मागे गेल्या आणि सासूबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या.