मॅडमचा काप

सरला मॅडम पेशंटचा तुकडा कधीच आधी पाहत नसत. स्लाइडच्या एका टोकाला, ज्याचा रंग हमखास उठतो असा जुना, खात्रीचा काप असे. तो आधी पाहायचा, मग शेजारचा पेशंटचा. त्यांच्या शोकसभेत एका सर्जनने या शिस्तीला ‘संशयी स्वभाव’ म्हटले. मला ते मान्य नाही. गोंदियातील त्यांच्या प्रयोगशाळेचा मुख्य तंत्रज्ञ मी होतो. ते सर्जन तिथे नव्हते.

काम असे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीचे अतिशय पातळ काप काढायचे आणि त्यांवर अँटिबॉडी सोडायची. तिला हवे ते प्रथिन पेशीत असेल तर ती तिथेच चिकटते, आणि पुढच्या द्रावणाने ती जागा तपकिरी होते. स्तनाच्या गाठीत असा रंग उठला, तर ती गाठ हार्मोनच्या गोळ्यांना दाद देण्याची आशा असते.

एका उन्हाळ्यात याच सर्जनच्या पेशंटचा काप कोरा राहिला. मात्र शेजारचा खात्रीचा कापही कोराच होता. सर्जन फोनवर ओरडले, “मॅडम, निगेटिव लिहून द्या ना, पेशंट सामने बैठा है!”

“ज्याचा उठते त्याचाच नाही उठला जी. मग तिचा नाही उठला, असं कोणत्या तोंडानं लिहू?”

नागपूरहून येताना अँटिबॉडी उन्हाने खराब झाली होती. नवी मागवली, दोन्ही कापांवर रंग उठला. त्या बाईला गोळ्या मिळाल्या. सर्जन अजूनही फक्त उशिराचीच गोष्ट सांगतात.

पुढे मॅडमनाच गाठ निघाली. तिचा काप मीच काढला. रंग गडद उठला.

मॅडम मला म्हणाल्या, “पटलेभाऊ, हा ठोकळा कपाटात कायले ठेवता? लावा कामाला.”

“मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाही.”

“काऊन? जुना खात्रीचा तुकडा संपत आला, संपत आला म्हणून रोज माझं डोकं खात होते. आता मिळाला तं तोंड पाडून राहिले!”

त्यांनी रीतसर संमती दिली. प्रसिद्धीसाठी दिली, असे म्हणणाऱ्यांना सांगतो, त्या होत्या तोवर हे आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

गोळ्यांवर त्या काही वर्षे निभावल्या, मग गेल्या. त्यांचा ठोकळा मात्र काम करीत, झिजत राहिला. मी निवृत्त झालो, तरी त्याची चौकशी करायला जात असे. गेल्या महिन्यात तिथल्या नव्या डॉक्टर नेहा म्हणाल्या, “काका, मॅडमच्या ठोकळ्यात एकच काप उरला. देवरीची पेशंट आहे, अन् नव्या ठोकळ्याची खात्री अजून झाली नाही. काय करू?”

तो उरलेला कण माझ्याजवळ राहावा, असे मला फार वाटत होते. का, याचा जबाब मी कोणालाही देणार नाही.

“कापा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावून त्यांनी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची मला दिली. मॅडमच्या पेशी तपकिरी उमटल्या होत्या, पहिल्या दिवशी होत्या तितक्याच गडद. मी पाहत राहिलो.

“काका, आता पेशंटचा पाहू द्या ना. बाईची बस आहे.”

आणखी थोडे, असे म्हणणार होतो. उठलो.