मोजणीबाईंनी मोडलेला नियम

मूल बरं झालं असं सांगितलं की कुणीही म्हणतं, "चला, सुटलो." मोजणीबाई विचारायच्या, "कोणामुळे?" त्यात खवचटपणा नसायचा, त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. "सर्दी-खोकल्याची बरीच मुलं डॉक्टरकडे न जाताही बरी होतात हो. मग डॉक्टरनं केलं काय, ते पाहायला नको?"

त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळातून निवृत्त होऊन मीरा रोडच्या शांती नगरात विधवा बहिणीबरोबर राहायला आल्या होत्या. त्या वर्षांत आमच्या छोट्या संस्थेनं एक काम अंगावर घेतलं होतं: मीरा रोडपासून उत्तनपर्यंतच्या दवाखान्यांत लहान मुलांवर उपचार कसे होतात ते पाहायचं. मी आकडेमोड करायचो, बाई प्रत्यक्ष पाहायच्या. 'मोजणीबाई' हे नाव दवाखान्यांतल्या नर्सनी ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय की. बाकी डॉक्टर पुष्कळ आहेत."

डॉक्टरांच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. चहा नाही, बोलणं नाही. पाहणाऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही हा नियम त्यांनीच लिहिला होता. "आपण बोललो की डॉक्टर आपल्यासाठी तपासतो, मुलासाठी नाही." चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलायची नाही. डॉक्टर अस्वस्थ होऊन हळूच त्यांच्याकडे पाहायचे, तर बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असायच्या.

मग बाहेर येऊन त्या आईला गाठायच्या. शांती नगरात "डॉक्टर ने क्या बोला?" आणि उत्तनजवळच्या डोंगरीला "काय सांगितलं गं?" तिथली एकजण एकदा म्हणाली, "बाटली दिलीय. पाजायची हाय. किती, ते न्हाय सांगितलं." बाईंनी तिला आत नेऊन नर्सकडून पुन्हा नीट सांगवून घेतलं. परतीच्या बसमध्ये मला म्हणाल्या, "आईला कळलं नाही तर औषध बाटलीतच राहिलं, असं समजायचं."

तो प्रसंग डोंगरीच्याच बाजूच्या एका दवाखान्यातला. डॉक्टर तरुण, मनमिळाऊ. बाहेर ही रांग. सुक्या मासळीचं काम अर्धवट टाकून आलेली एक आई तान्ह्याला घेऊन आत आली. "खोकतोय सारखा, दूध घेत न्हाय." डॉक्टरांनी बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला, सर्दी आहे म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. मी दाराशी उभा होतो. बाई स्टुलावरून उठल्या.

"डॉक्टर, झबलं वर करा."

 डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. बाईंनी स्वतःच झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बाळाची छाती बरगड्यांखाली आत ओढली जात होती. तेव्हा डॉक्टरांनाही दिसलं, ही साधी सर्दी नव्हती. बाई आईबरोबर रिक्षात बसल्या आणि भाईंदरच्या इस्पितळात बाळाला दाखल करूनच घरी गेल्या.

बाळ वाचलं, पण डॉक्टरांनी तक्रार केली: बाईंनी पेशंटसमोर अपमान केला. बैठकीत मीही बाईंना विरोध केला. असं मधे बोललं तर सगळी मापं बिघडतील, हे माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाईंनी ते मान्य केलं. "त्या दिवसाची सगळी नोंद काढून टाका. नियम मी मोडलाय." पण पुन्हा मोडणार नाही असं लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तसं मूल पुन्हा समोर आलं तर मी पुन्हा उठेन. खोटं कशाला लिहू?" आणि त्यांनी काम सोडलं.

काही महिन्यांनी ते डॉक्टर शांती नगरात त्यांच्या दारात उभे राहिले. बाई मला नंतर सांगत होत्या, "बराच वेळ पाणीच पीत बसला. मग म्हणतो, मॅडम, एकदा येऊन बसाल? कागद नको, फक्त बसा. आणि चुकलो की बोला." बाई गेल्या. मग जातच राहिल्या, बसनं उत्तनच्या दिशेनं, गुडघे दुखत असताना. बहीण वारल्यावर भाच्यानं त्यांना रत्नागिरीला नेलं, तेव्हाच ते थांबलं.

दरम्यान संस्थेनं नियमात एक ओळ वाढवली: मुलाच्या जिवाला धोका दिसला तर पाहणाऱ्यानं बोलावं. ती ओळ मीच लिहिली. बाईंना फोनवर वाचून दाखवली. म्हणाल्या, "'बोलावं' नको. 'बोललंच पाहिजे' लिही."

काही वर्षांनी त्या वारल्याचं भाच्यानं कळवलं, तेव्हा मी त्या डॉक्टरांना भेटायला गेलो. 

"त्या दिवशी त्या नियमानं वागल्या असत्या ना," ते म्हणाले, "तर तुमचा अहवाल आला असता. माझ्या दवाखान्याला कमी गुण. मी वाचून कपाटात टाकला असता. ते पोर त्यात कुठेतरी एक आकडा होऊन पडलं असतं."

मी मान डोलावली.

"सॅव्हिओ नाव त्याचं," डॉक्टर म्हणाले. "शाळेत जातो आता. परवाच येऊन गेला, गुडघा फोडून घेतला होता."