तिला जाऊ देणारा मी कोण?

फोन आला तेव्हा मी वाडीत चिकू निवडत होतो. हिमाचलातून वाटाड्या बोलत होता, मध्येच थांबत, पुन्हा पहिल्यापासून सांगत... शैला बर्फावरून खाली गेली, वर काढली तेव्हा श्वास नव्हता. हातातला चिकू मी नीट पेटीत ठेवला आणि मग खाली बसलो. त्याला आता काही आठवडे झाले. एवढ्यात डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय, कुणी डोळे पुसत, कुणी चहा पीत. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, तर दहाव्यालाच विचारलं, "तू तिला जाऊ कसं दिलंस रे?" तिला तिथेच सांगितलं, ते आता छापूनही सांगतो. जाऊ देणारा मी कोण? बायको होती माझी, दावणीची गाय नव्हती.

पन्नाशी उलटल्यावर शैलाने शाळेतली नोकरी सोडली आणि म्हणाली, "मला बर्फात चालायचंय." मी पोट धरून हसलो. आमची थंडी म्हणजे पंखा बंद करण्यापुरती! पण ती पाठीवरच्या सॅकमध्ये वजनाला कच्चे चिकू भरून महालक्ष्मीचा डोंगर चढू लागली. मग बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते मागवले. ते वापरून कुठे बघणार? बाईसाहेब थेट बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात. मालकाला पटवून अंगणात लाद्या मांडून घेतल्या आणि त्यांवर चालू लागल्या, पाय सपाट टाकत, बदकासारख्या. बर्फ न्यायला आलेली एक कोळीण टोपली खाली ठेवून बघतच राहिली. "बाय, आमी बर्फावर म्हावरं ठेवतो, तू पाय ठेवतेस?"

"तुझं म्हावरं पडून राहतं गं," शैला म्हणाली, "मला चालायचंय."

लोक तिला अविचारी म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. गेल्या हिवाळ्यात माथा हाकेच्या अंतरावर असताना ती परत फिरली होती. दुपारी वितळलेलं पाणी वाटेवर गोठून काच झालेली, वर भुरभुरीत नवा बर्फ, म्हणजे काच दिसायचीही नाही. बरोबरची तरुण मंडळी रुसली. ही म्हणाली, "रुसा खुशाल, पण घरी जाऊन रुसा." आणि सगळ्यांना खाली घेऊन आली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपण हायवेवर मोटरसायकल कशी हाकतो ते आधी आठवावं. या वेळीही दाते घट्ट बसलेले होते, काठी रोवलेली होती, पाऊल बरोबर होतं. खालची बर्फाची कडाच खचली. वाटाड्याने हे मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. तिची आठवण येऊन मी रडतो, रोज रडतो, पण तिकडे जाऊन तिने चूक केली असं माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही.

एवढा तोरा परवापर्यंत टिकला. परवा आमची मुलगी केतकी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, पुढच्या हिवाळ्यात मी जाणार आहे. आईच्या वाटेने." विचारलं नाही, सांगितलं. आईवर गेलीय. माझ्या घशाशी 'नाही' आलं होतं... अगदी ओठांपर्यंत. समोर अक्का घास हातात धरून माझ्याकडे बघत होती.

मी हात धुतला आणि आतून शैलाचे बूट आणले. तिच्या सामानाबरोबर परत आले, तेव्हापासून ते कपाटाखाली होते. तिकडे पायातून काढताना कुणीतरी लेस कापल्या होत्या. केतकीने पाय घालून पाहिला. "सैल होतायत."

"जाड मोजे घाल. तिथे लागतातच."

अक्का ताटावरून उठली. मी चपला घालून बाजारात गेलो. दुकानदाराने लेसचा जोड पुढे केला, साधाच, शाळेच्या बुटांचा. मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"हा नको," मी म्हणालो, "तुझ्याकडे आहे त्यातला सगळ्यात मजबूत दे. मुलगी बर्फात जाणार आहे."