अण्णांनी बल्बाशिवाय लावलेला प्लग

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात होते. माझा नवरा मोहन एवढंच म्हणाला, "अण्णा गेले." आणि माझ्या तोंडून निघालं, "नक्की ना? नीट बघितलं का डॉक्टरांनी?" पलीकडून तो म्हणाला, "तू पण ना, अगदी त्यांच्यासारखी." तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं, त्या जागी अण्णा असते तर त्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला असता. उलट कुणी विचारलाच नसता तर ते रागावले असते.

अण्णा म्हणजे मोहनचे थोरले भाऊ. बंगळुरूजवळच्या आनेकलमध्ये एका छोट्या कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर घराच्या माडीवर ते जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत बसायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. अण्णा न पोळताच फुंकायचे. बाजारातून रेडिओत घालायचे कपॅसिटर आणले की त्यातला एक ब्लेडने कापून आत बघायचे, कारण मोठ्या वेष्टनात छोटा माल भरून विकतात. दुरुस्त केलेल्या वस्तूच्या स्क्रूंवर अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, लाल नेलपॉलिश लावायचे. मागाहून कुणी उघडलं तर रंग तडकलेला दिसावा म्हणून. "विश्वास पानिपतावरच गेला," असं वर म्हणायचे. आणि त्यांच्या संशयितांत सगळ्यांत वर होते मी. पुण्याची मुलगी, आज ना उद्या आमच्या मोहनला उचलून पुण्याला नेणार, असं त्यांनी लग्नाच्या मांडवातच कुणाला तरी सांगितलं होतं आणि ते माझ्यापर्यंत यथासांग पोचलं होतं. मीही काही कमी नव्हते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, म्हणजे मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. जेवताना अण्णा "अजून घे" म्हणाले तरी मी मनात म्हणायचे, यात काय डाव असेल?

माझ्या लहानपणी बाबांनी मस्कतहून एक जपानी व्हिडिओ गेम आणला होता. टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची आणि सुट्टीभर भांडायचं. बाबा गेल्यावर तो मी बंगळुरूला घेऊन आले. पण चित्रावर आडवे पट्टे सरकायला लागले, आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायला लागला. अण्णांनाच दाखव, असं मोहनने सुचवलं. अण्णांनी झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि म्हणाले, "सुक्या मासळीचा वास येतोय बघ." मी शाकाहारी घरातली, मला वाटलं, हा टोमणा आहे. मग मीही वास घेतला… खरंच येत होता. वीज साठवणारी ती बोटाच्या पेराएवढी नळकांडी, ते कपॅसिटर, म्हातारे होऊन आतून पाझरत होते. "सगळेच बदलायला लागतील. ठेवून जा," अण्णा म्हणाले. ठेवून जा! मी निमूटपणे मोबाइल काढला आणि आतल्या बोर्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, म्हणजे उद्या एखादा भाग गायब झाला तर पुरावा असावा. अण्णा बघत होते. आता चिडणार, असं वाटत असतानाच ते म्हणाले, "खालच्या बाजूचे काढलेस?" "काढले." "सरी, ठीक. मग ठेवून जाऊच नकोस. दर रविवारी ये आणि तूच बदल. मी सांगतो."

असे आमचे रविवार सुरू झाले. आमच्या कोरमंगल्याच्या घरून आनेकलला जायचं, अक्कांच्या हातचं जेवायचं आणि माडीवर चढायचं. अण्णा शिकवायचे तेही संशयच. "ज्या कपॅसिटरचं डोकं फुगलंय तो स्वतःहून सांगतो, खराब आहे म्हणून. न फुगलेल्यावर लक्ष ठेव." नाहीतर, "वायर काढली म्हणून मेला समजू नको. आत वीज राहते. बंद पडलेल्यावर स्वल्प जास्तच संशय घे." जुना कपॅसिटर मी अलगद उपटायचे, नवा पांढऱ्या पट्ट्याची बाजू उणेकडे ठेवून बसवायचे, आणि मग अण्णा डोळ्याला भिंग लावून माझा सोल्डरिंगचा प्रत्येक टाका तपासायचे. शेवटी असायची बल्बाची परीक्षा. लाकडी फळीवर एक जुना पिवळा बल्ब, आणि वस्तूची वीज त्यातून जाणार. आत काही चुकलं असेल तर बल्ब लख्ख पेटणार आणि वस्तू वाचणार. प्लग लावताना एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे शॉक लागला तरी छातीतून जात नाही, हाही त्यांचाच नियम. अण्णांच्या माडीवर कुठलीही वस्तू या बल्बाला टाळून थेट भिंतीत गेलेली मी पाहिली नव्हती.

वीजपुरवठ्याच्या बाजूचे, म्हणजे सगळ्यांत धोक्याचे कपॅसिटर उरले होते तेव्हा अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या रविवारी ते काळा चष्मा लावून नुसते खुर्चीत बसले. भिंग बंद होतं. मी एकटीने टाके घातले. "नीट झालं?" "झालं." "पट्टा उणेकडंच?" "हो." "सरी." चालू करून बघणार तोच आनेकलची वीज गेली ती आलीच नाही. मग मी झाकण बसवलं, पर्समधलं जांभळं नेलपॉलिश काढलं आणि स्क्रूंवर लावलं. अण्णांनी वासावरून ओळखलं. "सील? माझ्यासाठी?" "तुमच्याचसाठी," मी म्हणाले. ते बराच वेळ हसत होते.

पुढच्या रविवारी अण्णांनी प्लग हातात घेतला, बल्बाच्या फळीजवळून पुढे गेले आणि तो थेट भिंतीत खोचला. "अण्णा, बल्ब?" मी ओरडलेच. "बेडा, नको," म्हणून त्यांनी बटण दाबलं. चित्र स्थिर आलं, आवाज लहानपणी यायचा तसा खणखणीत. अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचार." मी म्हणाले, "काही नाही." कारण मला उत्तर माहीत होतं. आठवडाभरात यांनी उघडून बघितलंय, माझा एखादा टाका दुरुस्त केलाय आणि तसलंच जांभळं नेलपॉलिश आणून वर लावलंय. आनेकलच्या कुठल्याही दुकानात ते मिळतं. मनात ठाम बसलं, की हा माणूस माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही, सगळं नाटक आहे. पुढे किती वर्षं गेली. आम्ही पुण्याला गेलो नाही, रविवारी आनेकलला जात राहिलो, पण हे कुसळ माझ्या मनातून गेलं नाही.

तेराव्यानंतर अक्कांनी माडीची किल्ली माझ्या हातात दिली. "हवं ते घेऊन जा, मेधा. मला त्यातलं काही कळत नाही." मग किल्लीकडे बघत म्हणाल्या, "कायम त्यांच्या कमरेला असायची. माझ्याकडं एकदाच दिली होती."

"कधी?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्या रविवारी तू गेलीस तसं माडीला कुलूप लावून आले आणि किल्ली मला दिली. म्हणाले, मेधाला वाटणार, मी उघडून बघितलं. ती विचारेल. विचारलं की सांग, ती परत येईपर्यंत किल्ली तुझ्याकडंच होती म्हणून."

"मग सांगितलं का नाहीत, अक्का?"

"तू विचारलंच नाहीस. आपणहून सांगू नको म्हणाले होते, ती विश्वास ठेवायची नाही. पुढं कितीतरी दिवस, तू गेलीस की मला विचारायचे, 'आज विचारलं का तिनं?'"

मी जिन्यावरच बसले आणि रडले. डॉक्टरांना, दुकानदारांना, ऑफिसात सगळ्यांना प्रश्न विचारत सुटणारी मी, ज्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं त्या माणसाला एक प्रश्न विचारू शकले नाही.

बल्बाची ती फळी आता आमच्या कोरमंगल्याच्या घरी आहे. नवा मिक्सर असो की इस्त्री, आधी तिच्यातून जाते. मोहन हसतो, हसू दे. फक्त बाबांचा गेम मी एक हात पाठीमागे ठेवून थेट भिंतीत लावते. स्क्रूंवरचं जांभळं सील अजून तसंच आहे, कुठेही तडकलेलं नाही. परवा ते मी अण्णांच्या भिंगातून एकदा बघून घेतलं… त्यांना आवडलं असतं.