तालमीत गणपती नव्हता

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शहाद्याजवळच्या कॉलेजातून बी.ए. करून मी बडोद्याला एम.ए.साठी आले, तेव्हा भूगोल म्हणजे नकाशात नद्या भरणं एवढंच मला ठाऊक होतं. एम.ए. झाल्यावर आमच्या विभागातल्या मॅडमनी मला पुराच्या प्रकल्पात घेतलं. त्या आणि इंजिनियरिंगचे एक सर मिळून तो चालवत. विश्वामित्री नदीचं पाणी कुठे आणि किती वेळात पोचेल, ते सर संगणकावर काढायचे. त्या जागी कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, कोण कुणाकडे जाऊ शकतं, ते मॅडम बघायच्या. दारोदार फिरून विचारण्याचं काम माझं. इशारा मिळूनही माणसं घर का सोडत नाहीत, हा आमचा मुख्य प्रश्न होता.

मी नदीजवळच्या समा भागात एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. घरमालक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठीशिवाय न चालणारे. काकू मूळच्या बडोद्यातल्याच, जुन्या नागरवाड्यातल्या. आमच्या बरोबर वर एक गुजराती बेन राहायच्या. पाणी आलं तर काका-काकूंनी बेनकडे जायचं, असं आम्ही ठरवलं होतं. बेननी लगेच होकार दिला होता.

मे महिन्यात घर सोडण्याची तालीम झाली. फोनवर संदेश आला, काकूंनी औषधांची पिशवी उचलली, काका कठड्याला धरून एकेक पायरी चढले. वर बेननी सगळ्यांना छास दिली. "अशी तालीम रोज ठेवा ने," काका म्हणाले. सर खूश होते. मीही होते.

पाण्याची बातमी आली ती भाद्रपदात, भर दुपारी. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, नदी चढत होती. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा काकूंनी गॅस बंद केला होता, औषधांची पिशवी दाराशी ठेवली होती आणि त्या गणपतीसमोर पाटावर बसल्या होत्या.

"काकू, चला."

"ह्यांना घेऊन जा तू. मी आहे इथे."

"इथे कशाला?"

"बसवलेला देव आहे. जागेवरून हलवता येत नाही. आणि त्याला एकटं टाकून घराला कुलूप लावायचं?"

आमच्याकडेही गणपती बसतो. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजा होईपर्यंत मूर्तीला धक्का लागू द्यायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी आमच्या प्रश्नावलीत त्याबद्दल एक ओळ नव्हती. घर न सोडण्याची कारणं म्हणून आम्ही चोरीची भीती, सामान, गुरं, आजारपण असं सगळं लिहिलं होतं. पूर बहुधा ज्या दिवसांत येतो त्याच दिवसांत बडोद्यातल्या मराठी घरांत गणपती असतो, हे सरांना, ते मराठी नसल्यामुळे, सुचण्यासारखं नव्हतं. मॅडमना आणि मला सुचायला हवं होतं. आम्ही तालीम मे महिन्यात घेतली, कारण तेव्हा परीक्षा संपल्या होत्या.

काका खुर्चीतून उठायला तयार नव्हते. "ती नाही तर मीही नाही. येऊ दे पाणी. नदीतली मगरही येईल प्रसादाला."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

"गप्पच बसलोय. उठता कुठे येतंय?"

मी उत्तरपूजेचं सुचवलं. काकूंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आमच्याकडे दहा दिवसांचा असतो. सासऱ्यांच्या आधीपासून. अर्ध्यात निरोप देऊ?" त्यांनी गुरुजींना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तोवर फाटकाखालून पाणी आत आलं होतं आणि पार्किंगमधल्या स्कूटरची चाकं ओली झाली होती.

बेन जिन्यावरून हाका मारत खाली आल्या. "काकी, बाप्पाने उपर लई आवो ने! मारूं घर पण घर ज छे." बाप्पाला घेऊन वर या, माझंही घर घरच आहे, असं त्या सांगत होत्या; काकू पाटावरून हलल्या नाहीत. मी काकांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि काकूंना काठीने पाणी दाखवलं. "हे बघ, तू निरोप दिला नाहीस तर तो आपला आपण जाईल. मखरासकट. मग मला सांगू नकोस, हात लावायचा नव्हता म्हणून."

काकू उठल्या. स्वयंपाकघरातून दहीपोहे कालवून आणले, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मंत्र आठवले तेवढे म्हटले, बाकीचे सोडले. मग दोन्ही हातांनी मूर्ती जरा हलवली. तेवढं झाल्यावर त्यांनी ती उचलून बेनच्या हातात दिली आणि स्वतः काकांच्या काखेत हात घातला. मी पिशवी घेतली. आम्ही वर पोचलो त्यानंतर थोड्या वेळाने पाणी उंबऱ्यावरून घरात शिरलं.

संध्याकाळी बेननी टीव्हीच्या टेबलावर ठेवलेल्या मूर्तीपुढे दिवा लावला.

"नको हो," काकू म्हणाल्या. "उत्तरपूजा झाली. आता त्याच्यात देव नाही."

"मने तो देखाय छे," बेन म्हणाल्या आणि टाळ्या वाजवत आरती म्हणू लागल्या. शब्द येत होते, चाल भलतीच होती.  दुसऱ्या कडव्याला काकूंना राहवलं नाही. "अहो, अशी नाही," म्हणत त्या उठल्या आणि पहिल्यापासून आरती सुरू केली.

पाणी ओसरल्यावर खाली गेलो. भिंतीवरची चिखलाची रेघ चौरंगापेक्षा बरीच वर होती. खुर्चीच्या हातांपेक्षाही वर. गाळ काढून झाला, मग मूर्तीचं विसर्जन केलं. काका म्हणाले, "एवढी नदी घरात येऊन गेली, आणि विसर्जन बादलीत."

मी हे सगळं मॅडमना आणि सरांना सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूर्तीचं वजन किती असतं?" मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. पुढच्या वर्षीची तालीम आम्ही श्रावणात ठेवली, आणि ज्या घरांत गणपती बसतो तिथे मूर्ती कोण उचलेल, उत्तरपूजा कोण करेल, हेही आधी विचारून घेतलं. दोघा-तिघांनी दार लावून घेतलं. अभद्र बोलू नका म्हणाले.

काकूंनी लावलं नाही. मूर्ती आणायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. दरवर्षीची मोठी मूर्ती दुकानदाराने पुढे केली, तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली आणि वीतभर उंचीची एक उचलून तळहातावर तोलून पाहिली.

घरी काकांनी विचारलं, "एवढासा?"

"एका हातात हा, दुसऱ्या हातात तुम्ही."

"म्हणजे माझा नंबर दुसरा."

"तुम्हाला डावा हात," काकू म्हणाल्या आणि चौरंग पुसायला घेतला.