बसच्या छपरातलं आभाळ

चिंचेने घासून ताम्हन अर्धं लख्ख झालं होतं, अर्धं अजून काळपटच होतं, तेवढ्यात वाडीच्या टोकाकडून येणारा पत्रा ठोकायचा आवाज थांबला. सुचित्राकाकू तशाच उठल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात ओलं ताम्हन, अशा नारळींच्या सावलीतून हळूहळू बसकडे निघाल्या.

ही बस म्हणजे यज्ञेश्वरकाकांचं निवृत्तीनंतरचं वेड. सारी नोकरी एसटीत गेली, तरी हौस फिटली नव्हती. कुठल्याशा शाळेची मोडीत निघालेली बस त्यांनी अलिबागहून ओढून आणली, बाकं काढून आत पलंग आणि छोटा ओटा बसवला. मुंबईच्या पाहुण्यांना राहायला द्यायची असा बेत होता. छताला काचा बसवा, लोकांना निजल्या निजल्या तारे दिसू देत, ही सूचना सुनेची, आश्लेषाची. मग जे काही झालं त्याने पाहुणे मागेच राहिले आणि छताचं काम काकूंसाठी निघालं.

काकूंचं माहेर तळा गावचं. तिथे डोंगरावर आभाळ चहूबाजूंनी मोकळं. लहानपणी खळ्यात घोंगडीवर वडिलांच्या शेजारी पडलं की आपण वर बघतोय की खाली, तेच कळेनासं व्हायचं. लग्न होऊन त्या समुद्राकाठच्या या वाडीत आल्या आणि ते आभाळ झावळ्यांत गेलं. उन्हाचे कवडसे तेवढे खाली उतरायचे. मात्र दर संकष्टीला त्या वाडीच्या पूर्व टोकाला जायच्या. तिथून पुढे भातशेतं होती आणि त्यांच्यापलीकडे डोंगर. डोंगरावर चंद्र आला की ताम्हनात अर्घ्य द्यायच्या आणि मगच घास घ्यायच्या. पंचांगातली वेळ पाहून जेवणाऱ्यांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण स्वतः मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी जेवल्या नाहीत.

मग शेतांच्या जागी बंगला झाला आणि वाडीच्या कडेला उंच भिंत उभी राहिली. त्याच पावसाळ्यात काकू विहिरीच्या पायरीवर घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यात साखरेचं दुखणंही निघालं. गेल्या संकष्टीला त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. चंद्र भिंतीवर येईना, भिंतीवर आला तर झावळ्यांतून दिसेना. शेवटी काकूंनाच भोवळ आली आणि काकांनी घाबऱ्या घाबऱ्या त्यांना साखरपाणी पाजलं. पुण्याहून मुलगा, सुश्रुत, धावत आला. तो रागावला नाही, नुसता बसून राहिला, आणि त्याचंच काकूंना जास्त लागलं. पुढच्या संकष्टीला चंद्र वेळेवर दिसला नाही तर व्रताचं उद्यापन करायचं, असं त्यांनी देवापुढे त्याला कबूल केलं.

ती संकष्टी आजची.

बस उभी होती ते वाडीचं एकमेव मोकळं टोक, भिंतीला लागून. नारळाखाली काच टिकली नसती. रेवदंड्याच्या सदाने छताच्या कमानी सोडून मधला पत्रा कापला होता. दोन ठिकाणी जाड पारदर्शक फायबर पक्कं बसवलं, आणि पलंगावर उघडणारं एक झाकण केलं. भोकाभोवती विहिरीच्या कठड्यासारखा उंच काठ ठेवला आणि बादल्याच्या बादल्या पाणी ओतून पाहिलं. आत थेंब आला नाही. झाकणाला आतून चकचकीत स्टीलचा पत्रा होता.

"साधा पत्रा दोन पावसांत खारा वारा खातो, काकू," सदा म्हणाला. "यात तोंड बघून भांग पाडलात तरी चालंल. पण एक हाय, उघडलं की ते पार मागं नारळींकडं पडतं. अर्ध्यावर ऱ्हायाचं न्हाय."

काकांनी झाकणाशेजारी लाल रंगात लिहूनही टाकलं होतं: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.

"माझ्या खुब्याला विचारलंत का, हा मार्ग चालेल का ते?" काकूंनी विचारलं.

सदा हसत हत्यारं आवरून गेला. काकू पलंगावर टेकल्या. मांडीवरच्या ताम्हनाच्या घासलेल्या भागात छपरातलं आभाळ उतरलं होतं. ताम्हन जरा कललं की उजेडाचा एक गोळा छतभर पळायचा. त्या त्याच्याशी खेळत राहिल्या आणि कधीतरी आडव्या झाल्या. वरून ढग एकाच दिशेने सरकत होते, त्यामुळे बसच चालल्यासारखी वाटत होती. घाट चढत होती, वळणं घेत होती, आणि हादरा एकही नव्हता. बस तळ्याला थांबली. वडील खळ्यात घोंगडी झटकत उभे होते. म्हणाले, सुचे, जागा धरून ठेवलीय. काकू उतरणार, तोच काका चहा घेऊन आले.

संध्याकाळी नैवेद्याचं ताट बसमध्येच आणलं. चंद्रोदयाची वेळ झाली. फायबरमधून चांदण्या दिसत होत्या, उघड्या झाकणातूनही चांदण्याच. खिडकीतून फक्त भिंत. डोक्यावर चंद्र यायला मध्यरात्र उलटली असती, हे दोघांच्याही आधी ध्यानातच आलं नव्हतं. काका स्टुलावर चढले आणि छपरातून डोकं बाहेर काढलं.

"आलाय गं. डोंगरावर आलाय. चांगला तांबूस आहे. दे अर्घ्य."

"तुम्हाला दिसलाय. तुम्ही जेवा."

"मी काय खोटं सांगतोय?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

काका खाली उतरले. काकूंनी सुश्रुतला फोन करायला मोबाइल उचलला. उद्यापनाला कोणाला बोलवायचं, तेही मनात येऊन गेलं. मोबाइलच्या उजेडाचा एक ठिपका ताम्हनात पडला आणि तिथून उडी मारून छताला चिकटला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, परत चढा. कडेला उभे राहा आणि ते झाकण ओढून घ्या. अर्ध्यावर धरा. आणखी खाली. आता हलवू नका. दिवा मी मालवते."

अंधारात स्टीलवर आधी डोंगराची काळी कड आली. मग तिच्यावर चंद्र आला, विहिरीच्या पाण्यातल्यासारखा जरा लांबट, हलकेच थरथरणारा.

काकूंचा हात मात्र अर्घ्याच्या पळीवर थांबला. हे दर्शन म्हणायचं का? त्यांना सासरे आठवले. नवरात्रात देवीच्या तसबिरीवर पाणी घालता येत नाही म्हणून ते समोर आरसा ठेवून त्यातल्या देवीला अभिषेक करायचे. आरसा भिजला तरी स्नान देवीचंच, असं म्हणायचे. काकूंनी पळी कलती केली. अर्धवट घासलेल्या ताम्हनात पाणी पडलं आणि तिथेही चंद्राचा एक तुकडा हलला.

"हात भरून आला," वरून काका म्हणाले. "सोडू?"

"नैवेद्य व्हायचाय. धरा."

पहिला घास झाल्यावर त्यांनी सुश्रुतला फोन लावला. त्याने विचारलं, आई, नक्की दिसला ना?

"दिसला," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी धरून ठेवला होता."

पलीकडे तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, बाबांना आधी जेवायला वाढ.

काकांनी दुखरा दंड चोळत ताट ओढून घेतलं. वर झाकण पार मागे पडलं होतं आणि चांदण्या होत्या तिथेच होत्या. सकाळी रिक्षा सांगून काकूंना रेवदंड्याला सदाकडे जायचं होतं, झाकण अर्ध्यावर अडकवायची कडी करून आणायला.